दुभाषी

लवाइना हर्शबर्गर शपथ घेत नाही.
हो म्हटलं की हो, एवढंच म्हणते.
कारकून बायबल परत खणात ठेवतो
आणि मी तिच्या डाव्या खांद्यामागे उभी राहते,
नियमाप्रमाणे.

इंग्रजी तिला येतं,
पण मुलाबद्दल ती त्यात बोलत नाही.
आणि नियम असा की तिने ‘मी’ म्हटलं
की मीही ‘मी’ म्हणायचं.
म्हणून सकाळपासून मी सांगतेय,
माझा ॲटली, सतरा वर्षांचा,
रात्री नऊला बग्गी घेऊन निघाला.
मागून ट्रक आला, ट्रकमधून बाटली आली.
घोडी उधळली. पुढे पूल होता.
हे सगळं माझ्या तोंडून,
जिची कूस कधी उजवली नाही.

शिक्षा ठरायची आहे आज.
सरकारी वकील डन्लॅप हळूच विचारतात,
जखमेवरची पट्टी उचलावी तसं:
आरोपीबद्दल काय वाटतं तुम्हाला?

ती एकच शब्द बोलते.
आमच्या बोलीत त्या शब्दाच्या पोटात देणं आहे,
शेजारी दुधाची किटली पोचवावी, तसलं.
इंग्रजीत आणला की तो उगाच उंच होतो.
तरी आणते.
“मी त्याला माफ केलंय.”

डन्लॅपना पंधरा वर्षं मागायची होती.
त्यांची पेन्सिल कागदावर नुसतीच टेकून राहते.
आरोपी, तो केंडल स्ट्राउड, पहिल्यांदाच मान वर करतो
आणि माझ्याकडे बघतो. तिच्याकडे नाही.
आवाज माझा होता ना.

मी नव्हतं केलं त्याला माफ.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी याच लोकांनी
त्याच्या आईच्या दारात पाव पोचवले, अंडी पोचवली.
मला बावीस वर्षं वाळीत टाकलंय.
मी बाटली फेकली नव्हती.
बाप्तिस्मा घेतला होता, आणि एका पहाटे
क्लीव्हलँडची बस धरली होती.

हे कुणी विचारत नाही.
दुभाष्याने आपलं काही बोलायचं नसतं.

दुपारच्या सुट्टीत, बाहेरच्या बाकावर
ती रुमालाची गाठ सोडते.
सफरचंदाचा मुरंबा फासलेला पाव.
हातातून हातात काही जायचं नाही,
हा नियमही मला पाठ आहे, तिलाही.
अर्धा तुकडा ती बाकावर ठेवते, आमच्या दोघींच्या मध्ये,
आणि खिडकीतून खाली बांधलेल्या घोड्यांकडे
बघत राहते, कितीतरी वेळ,
जणू त्यांतला एखादा सुटेल.

पुकारा झाला तेव्हा
माझ्या काळ्या कोटावर चुरा होता.
तो झटकत आत गेले,
पुन्हा तिचं ‘मी’ म्हणायला.