कमी वासाचा गोंद

केमीत जानेवारीत खिडकी उघडायची
म्हणजे घरातली ऊब रस्त्याला दान.
बाहेर उणे अठ्ठावीस. तिहेरी काच,
फटींत कापूस, कापसावर कागदी पट्टी.
हे सगळं मीच केलंय, ऑक्टोबरात, शिडीवर चढून.

मार्युक्का इस्पितळातून परतली
ती निम्म्या फुप्फुसांनिशी.
डॉक्टरीणबाईंनी यादी दिली:
धूर नको, अत्तर नको, रंग, वॉर्निश नको.
गोंदाचं नाव यादीत नव्हतं.
मी यादी दोनदा वाचली,
मग तिसऱ्यांदा, चष्मा पुसून.
चोराच्या मनात चांदणं.

चाळीस वर्षं ह्या टेबलाशी विमानं जोडली.
बर्फफोड्या बोटीवरून पंधरा-पंधरा दिवसांनी उतरायचो,
कानांत इंजिन घेऊन,
आणि दार लावून बसायचो त्या जुन्या गोंदापाशी.
पत्र्याची नळी, सुई टोचलेलं तोंड.
वास गोडसर, खोटा,
दारूच्या भावकीतला,
नाकातून थेट कपाळात चढणारा.

क्योस्तीचं दुकान स्टेशनामागे.
काउंटरवर त्याने तीन बाटल्या ठेवल्या.
पहिली पाण्याइतकी पातळ:
फटीला ब्रश टेकवला की शिवणीतून धावत सुटते.
"कामाला वाघ," तो म्हणाला, "पण वास तुझ्या नळीचाच सख्खा भाऊ."
दुसरी दुधासारखी पांढरी.
"कॉकपिटच्या काचेला हीच. सुकली की दिसत नाही.
पंख मात्र हिच्या भरवशावर सोडू नकोस,
ही प्लास्टिक विरघळवत नाही, नुसती धरून ठेवते."
तिसरी संत्र्याच्या सालीच्या तेलाची.
हुंगली. नाताळ संपल्यानंतरची
स्वयंपाकघरातली टोपली.
"हळू आहे ही. धरून बसावं लागतं.
आणि सालीचं झालं तरी तेल ते तेलच,
पंखा लाव, झाकण उघडं ठेवू नकोस."

दुसरी घेतली, तिसरी घेतली.
जुनी नळी खिशात होती.
ती खिशातच राहिली,
घरी येईपर्यंत तिचं काय करायचं ते सुचलं नाही.

रात्री समुद्रविमानाच्या पोटाचे दोन अर्धे
एकमेकांवर ठेवले आणि धरले.
जुना गोंद कधी काही विचारायचा नाही.
लागला की लागला,
वाकडा तर जन्माचा वाकडा.
हा विचारत राहतो: इथेच? नक्की?
केसभर मागे सरकायला वेळ देतो.
बोटं इतकी अवघडतात
की आपण काय धरलंय तेच विसरतात.

आतून हाक आली. "आउलिस? आहेस ना?"
आहे.
पाव तासाने पुन्हा, "कुठे गेलास?"

उठलो, विमानाचं पोट तसंच चिमटीत.
ती उशीला टेकून बसली होती.
म्हणाली, "वास येत नाही.
तू बोटीवरून आलास की
दाराखालून तो घाणेरडा वास यायचा,
मग मला झोप लागायची."

आणि मी समजत होतो
दार मी तिच्यासाठी लावतो.

आता दार उघडं असतं.
छोटा पंखा घुरघुरतो चिमणीच्या तोंडाशी,
आणि मी भागांचे आकडे मोठ्याने वाचतो.
सव्वीस, डावा तरंगता पाय.
हं, ती म्हणते.
सत्तावीस, त्याचा टेकू. हा फार बारीक आहे गं.
हं.
अठ्ठावीस, उजवा.
एकोणतीस, ह्याचं तोंड पुढे की मागे, कागदावर नीट छापलेलं नाही.
"पुढे," ती न बघताच म्हणते,
आणि मी निघतो चुकलेला.

एकतिसाला हं आलं नाही.
कान दिले.
श्वास येत होता, बारीक,
किटलीला वाफ धरायच्या आधीची शिट्टी असते तसा.
मी एकतीस धरून बसलो.
टेकू केव्हाच चिकटला होता.
तरी.