मिठाचे दगड

गावानं मला ठेवलं ते गुरं राखायला,
नाला राखायला नव्हे.
जनावरामागं वर्षाला दोन पायल्या भात,
कारहुणवीला एक टॉवेल.
त्रेसष्ट जनावरं.

सोडली की आपसूक उताराला लागायची.
मी मागनं, काठी खांद्यावर आडवी,
बिनकामाची.

नाल्याला तेव्हा काठ नव्हता.
खुरांनी तुडवून तुडवून
तो पसरला होता,
ताटात सांडलेल्या आमटीसारखा,
रुंद, उथळ, कोमट.
खालच्या अंगाला बाया म्हणायच्या,
धुणं धुतोय की माखतोय कळंना.

मग टोचायला आला हंपण्णा कंपौंडर,
खानापूरच्या जनावरांच्या दवाखान्यातला.
सुई उकळेपर्यंत नाल्याकडं बघत बसला.
म्हणाला, मीठ कुठं ठेवतोस?
म्हटलं, तिथंच, पाण्याजवळ.
मग ती जातील कुठं, लेका?

एवढंच बोलला. चहा प्याला, गेला.

मी ते दगड पोत्यात भरले,
जिभांनी चाटून गुळगुळीत झालेले,
आणि माळावर नेले, हिरड्याखाली.
टायर कापून डोण केली.
आठ दिवस गुरं खालीच गेली, मला शिव्या ऐकवत.
नवव्या दिवशी कपिली वळली.
तिच्यामागं बाकीची.

गुरं मिठाला जागतात.
माणसांचं मी सांगत नाही.

पाण्यापासनं सहा पावलं मोजून
बाभळीच्या शिरी लावल्या, दोन्ही थडींना.
झालं. गाव जमलं.
ही हद्द कुणी आखली?
बोर्ड कुठल्या भाषेत लावणार?
बोर्ड नव्हताच.
काटे होते, आणि काट्यांना
आमचा नाला काय, पलीकडचा हळ्ळ काय.

एका पहाटे कुंपण फुटलेलं.
आमच्यातले म्हणाले, त्यांनी तोडलं.
त्यांच्यातले म्हणाले असणार, आम्ही.
पलीकडनं फकिरव्वा आली गुडघाभर पाण्यातनं,
तिच्या चाळीस शेळ्या मागं ओरडत ठेवून.
वाकून काट्यातला काळ्या केसांचा झुबका काढला,
नाकाशी नेला.
नम्म एम्मे अल्ल, म्हणाली.
आमची म्हस नव्हं.

खरं होतं. माझीच होती, म्हातारी मंगळी,
जी याच चिखलात जन्मली
आणि जिला मीठबीठ कळत नव्हतं.

मग तिथं शिरी लावल्या नाहीत.
मंगळीच्या पोटाएवढी वाट सोडली,
खाली सपाट धोंडे बसवले, खूर रुतू नयेत म्हणून.
फकिरव्वानं दोन धोंडे दिले,
वर ऐकवलं की पाच दिले.

पहिल्या वर्षी गाजरगवत तेवढं आलं.
लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.
दुसऱ्या वर्षी लव्हाळा,
त्यात अडकलेला गाळ,
गाळात वाळुंजाची बोटाएवढी रोपं.
पाणी आकसलं, खोल झालं,
धोंड्याखाली बोलायला लागलं.

संक्रांत सरली, जमीन वाळली
की पंधरा दिवस गुरं आत सोडतो.
खाऊ देतो वरवरचं,
मुठीएवढं गवत उरलं की बाहेर.
सोळावा दिवस मागायला पाटलाचा पोरगा येतो.
गूळ आणतो. गूळ खातो मी.
सोळावा दिवस देत नाही.

काल तिन्हीसांजेला मंगळी परतली नाही.
गेलो. नाकपुड्यांपर्यंत पाण्यात,
डोळे मिटून, राणीसारखी.
बोलावली नाही.

धोंड्यापलीकडं ओल्या गाळात
एक पाऊल होतं,
बोटं पाच, बोटांमधी पडदा.
कुत्र्याचं नव्हं.
लहानपणी आज्ज्यानं दाखवलं होतं एकदा,
म्हणाला होता, हुद. मासे खातंय, माणसाला भितंय.

कुणाला सांगितलं नाही.
फकिरव्वालाही नाही.
रात्री दावणीपुढं उभा राहून
रोजच्यासारखी मोजणी केली.
त्रेसष्ट.
आणि एक.