घसटून जाताना

काच इतकी पातळ, की श्वास लागला तरी थरथरते.
म्हणून ब्रनोच्या या कार्यशाळेत
बोलायचं ते मान वळवून.

चिमट्याने एकेक पट्टी उचलते,
सोन्याचा मुलामा आतल्या अंगाला येईल अशी
खाचेत बसवते. मग तिला छेदणारी दुसरी.
बारीक चौकोनी बोगद्यांची जाळी होत जाते.

झ्बिनेक तराजूपाशी, सोनाराच्या तोऱ्यात:
"एकशे ब्याण्णव. डिंक कमी लाव."
मोठ्या दुर्बिणींना अख्खा अग्निबाण मिळतो,
आम्हाला पावाच्या लादीएवढा डबा,
त्यातही आधी बॅटरी, रेडिओ,
आणि उरल्या जागेत आम्ही.

क्ष-किरण हट्टी.
समोरून आरसा धरला तर त्यातच शिरतात
आणि हरवतात.
अंशभरही नाही, त्याहून कमी तिरपे
घसटून गेले, तर वळतात.

युक्ती आमची नाही. ओढ्यातल्या झिंग्याची,
समुद्रातल्या शेवंडीचा गोड्या पाण्यातला हा गरीब भाऊ.
डोळ्यात भिंग नाही, नुसते चौकोनी आरसे.
रात्री ओल्द्रिख कंदील धरायचा, मी दगड उलटायची,
पाण्यात दोन ठिणग्या पेटायच्या
आणि मागच्या मागे पळायच्या.

बाबांच्या घराची वाटणी झाली,
त्याला आता सहा वर्षं.
वकिलाकडे दोनदा समोरासमोर बसलो.
माझं म्हणणं त्याच्या आरपार गेलं,
त्याचं माझ्या.

फेब्रुवारीत त्याला पत्र टाकलं. घराचं नाव नाही.
ओढ्यात झिंगे आहेत का अजून?
एवढंच.

डबा वर गेला. सातव्या आठवड्यात
पहिलं चित्र उतरलं: राखाडी कचकचाटात
एक ठिपका, चारही बाजूंना हात फुटलेला.
आमच्या जाळीतून प्रत्येक तारा
असाच अधिकचिन्ह होऊन येतो.
झ्बिनेक पडद्याला नाक लावून म्हणाला,
"धूसर आहे."
आहे.
पण आहे.

घरी आले तर दाराखालून सरकवलेलं कार्ड,
तिरप्या, घाईच्या अक्षरात:
रोग आला होता, सगळे गेले म्हणत होते लोक.
मागच्या उन्हाळ्यात पुलाखाली तीन दिसले.
पाणी कमी आहे.
कंदील माळ्यावरच आहे, काच बदलावी लागेल.