सळईचं दुसरं टोक

मी नऊ वर्षांचा. मजुरी: रोजचा एक राईचा पाव.
काम एवढंच, आल्विने कुरेमांच्या मागे चालायचं,
लाउक्सोच्या दलदलीत सळई रोवायची,
तळ लागला की आकडा ओरडायचा.
"सहा मीटर चाळीस!"
बाई वहीत लिहीत, चष्मा पुसत.
"म्हणजे सहा हजार वर्षं. पाय जपून टाक."

तालिनहून साहेब आले. पीट हवं होतं, भट्ट्यांसाठी.
नकाशा मागितला, बाईंनी दिला.
एकूण एक डबकं, एकूण एक ओहोळ, काहीही चोरलं नाही.
करकोच्यांची घरटी मात्र कुठेच नव्हती.
"ही राहिली," मी कुजबुजलो.
माझ्या पायावर त्यांचा बूट पडला.

पूर्वेचा भाग गेलाच.
अजूनही कोरड्या उन्हाळ्यात आतून धुमसतो, नाक सांगतं.
पश्चिमेला चर खणून झाले होते,
तेही आम्ही बुजवले, वीस वर्षांनी,
फळ्या ठोकून, शेवाळ दाबून.
तेव्हा बाई बादलीवर बसून शिव्या घालत होत्या,
गुडघे गेलेले.

आता फळ्यांची पायवाट आहे, पाटीवर त्यांचं नाव,
आडनाव चुकलेलं.
काल नात हेल्ले सोबत होती. तीच जागा, तीच सळई.
"सहा मीटर सेहेचाळीस!"
ओरडलोच मी. सवय.

वही नव्हती.
हेल्लेने मनगटावर लिहिलं.