रुमालाखाली

मिरजेला, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर अस्मा मुजावर अण्णांच्या हवाली तीन शब्द करतात:
पेरू, कंदील, सायकल.
"सांभाळा हं, मी परत मागणार आहे."
अण्णा मान हलवतात.
कुणाची ठेव त्यांनी आजवर बुडवलेली नाही.

मग घड्याळ काढायचं, अकरा वाजून दहा मिनिटं.
गोल सुबक येतो, तागडीच्या पारड्यासारखा.
बाराही आकडे मात्र एकाच कडेला,
थप्पी लावल्यासारखे.
उरलेलं घड्याळ रिकामं गोदाम.

"आता ते तीन शब्द?"
चाळीस वर्षं मार्केट यार्डात
कुणाची किती पोती, कुठल्या गावची, कितीला सुटली,
सगळं वहीविना सांगणारे
पारिसा भूपाल मगदूम
खिशात हात घालून शब्द शोधतात.
रुमाल निघतो.

पडद्यावर मेंदू उजळतो, राखाडी.
"ही जागा आक्रसलीय," पेनाचं टोक थांबतं,
"आकार समुद्रघोड्याचा, म्हणून नावही तेच.
नवी आठवण आधी इथं उतरते."
समुद्रघोडा मी पाहिलेला नाही.
मला दिसतं हरिपूरचं पेव:
माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड,
खाली अंधारात रांजणासारखं पोट,
वर्षानुवर्षं हळद, ना कीड ना भुंगा.
पूर आला त्या साली
किती पेवं आतल्या आत बसली.
वरून माती सपाटच दिसायची.

"नवी इंजेक्शनं आलीत,
मेंदूत साचलेला चिकट थर काढणारी.
अगदी सुरुवातीला दिली तर उतार जरा मंदावतो.
गेलेलं परत येत नाही.
अण्णांना उशीर झालाय."
किंमत त्या सांगत नाहीत.
मी विचारते. सांगतात.
आणि हळद? (आम्ही हळदीवरच वाढलो,
विचारल्याशिवाय राहवेना.)
"उंदरांत फायदा दिसला होता.
माणसांत ठाम काही हाती लागलेलं नाही."
अण्णा एकदम सावध:
"उंदीर? कुठल्या मालाला लागला?"

निघताना त्या म्हणाल्या,
हातांच्या आठवणी निराळ्या जागी असतात,
खोल, जुन्या. त्या उशिरा जातात.

म्हणून आज त्यांच्या शेजारी बसून
मी रुमाल पसरते, खाली हात घालते.
सौदा असाच व्हायचा.
तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली बोटं,
शेजारच्याला पत्ता नाही.
ही भाषा मला येत नाही.
मुलींना कुणी शिकवलीच नाही.
अंदाजानं त्यांची दोन बोटं दाबते.

तळवा ताठ होतो.
अंगठा माझ्या पेरांवरून फिरतो,
मग चार बोटं एकदम, मग एक, अर्धं.
नजर भिंतीवर, चेहरा कोरा.
पण हा कोरेपणा जुना आहे, कमावलेला.
"एवढ्यात नाही परवडत. राजापुरी आहे."
मी आणखी एक बोट देते.
"माल बघितलास?"
नाही.
"मग पेव उघड आधी. लगेच उतरू नको,
वारा खाऊ दे त्याला.
कंदील सोड खाली.
विझला तर थांब."

पेरू नाही. सायकल नाही.
हा कंदील डॉक्टरांचा की हरिपूरचा,
मी विचारत नाही.
माझा हात अजून रुमालाखालीच आहे,
भाव ठरायचाय.