करिता

डेडस्टॉक रजिस्टर. शिवण सुटलेली.
पहिल्या पानावर घोरपड्यांची सही,
मोडीची सवय हातातून गेली नव्हती,
इंग्रजीसुद्धा टाक न उचलता लिहिलेलं.
चामड्याचे चेंडू सहा, ब्लॅडर दहा, सुया दोन.
बूट मागितलेच नाहीत.
पोराच्या पायात बाभळीचा काटा रुतला की म्हणायचे,
आता तरी बघशील ना पाय कुठे टाकतोस.

मग रेल्वे कॉलनीतला आल्बुकर्क.
स्टोअरमधून शिट्टी त्याने कधी घेतली नाही.
दोन बोटं तोंडात, आणि आवाज
थेट कमाटीबागेतल्या मोरांपर्यंत.
मोर ओरडले की हा म्हणायचा, ऑफसाइड.
सही म्हणजे नुसती एक लांब रेघ.

मधे कुणी पालेकर, अकरा दिवस.
सही आहे. माणूस आठवत नाही.

त्रिवेदीसाहेब जन्मात खेळले नव्हते.
खोलीच्या फरशीवर खडूने
गोल काढायचे आणि बाण, बाण, बाण.
झाडूवाली रोज पुसायची, रोज शिव्या द्यायची.
आम्ही हसायचो.
सुरतेला चेंडू डावीकडून आला
अगदी त्यांच्या बाणावरून, आणि जाळ्यात गेला.
त्यानंतर झाडूवालीने फरशी दुपारपर्यंत तशीच ठेवली.
खडूच्या पेट्या: चौदा.

मुनाफ पठाणच्या पानावर बोट थांबतं.
कर्फ्यूचं साल. दोन तासांची सूट,
त्यातला एक तास तो मैदानावर.
घरात दूध होतं की नाही, मी विचारलं नाही.
नोंद त्याच्याच अक्षरात आहे:
चेंडू दिले बारा. मुलं आली तीन.
तिघांसमोर बाराही ओतले त्याने.
म्हणाला, पडून राहिला की चेंडू मरतो, दत्तूभाई.

तो निवृत्त झाला आणि जागा भरली नाही.
जाहिरात निघाली, रद्द झाली, पुन्हा निघाली,
कोर्टात गेली. दोन वर्षं, चार महिने.
पहाटे साडेपाचला पोरं स्टोअरच्या पायरीवर.
मी, दत्ताराम खोपकर, वर्ग चार,
कुलूप काढायचो, पंप मारायचो.
एकाने विचारलं, काका, आता पुढे काय?
डोक्यात त्रिवेदींचे बाण,
आल्बुकर्कची बोटं, घोरपड्यांचा काटा.
म्हटलं, पळा.
सगळं मिळून एवढंच तोंडातून निघालं.

सहा सामने हरलो. एक बरोबरीत सुटला.
त्या संध्याकाळी सगळ्यांना शेवउसळ, माझ्या खिशातून,
तर्री जास्त.
सहीच्या रकान्यात छापलेलं असतं, मुख्य प्रशिक्षक.
त्यापुढे मी बारीक लिहायचो, करिता.
खाली माझं नाव.

गेल्या वर्षी पॅव्हेलियनमध्ये फलक लागला,
सोनेरी अक्षरं. पठाणच्या खाली लगेच
कुंजल बारोट. मधे बोटभर जागा नाही.
तक्रार नाही माझी. पालेकरही आहे त्यावर.

कुंजल गोलकीपर होती, करंगळी वाकडीच राहिली.
पुरात रजिस्टर भिजलं तेव्हा
त्याच करंगळीने तिने पानं सोडवली,
पंख्याखाली वाळवली.
घोरपड्यांची शाई आल्बुकर्कच्या रेघेत उतरलीय.
आता कुठला कोण, ते मलाच सांगता येतं,
तेही चष्मा असला तर.

एक चेंडू मात्र अजून माझ्या नावावर.
नोकरीच्या शेवटच्या महिन्यात
कुणीतरी लाथाडला, तो कुंपणावरून विश्वामित्रीत.
शेजारी मगर उन्हात पडलेली, तिने डोळाही उघडला नाही.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, मगर.
ऑडिटचा शेरा: पुरावा जोडावा.
पेन्शनमधून तीनशे चाळीस रुपये गेले.

परवा कुंजलचा फोन.
काका, पुराच्या गाळात एक चेंडू निघालाय,
जुना, आपला शिक्का आहे.
जमा करू? कुणाच्या नावावर?

मी म्हटलं, आधी दाबून बघ,
हवा धरतो का.