उपाशीपोटी, आठच्या आत

डिसेंबरात राजाराम पुलावर
स्कूटर कडेला घेऊन मी स्वेटरची चेन उघडते.
कानटोप्या घालून फिरायला निघालेले वळून बघतात,
एवढ्या गारठ्यात ही बाई घामाघूम.
डिकीत बर्फाचा डबा, सोळा नळ्या,
लाल, पिवळी, जांभळी टोपणं,
आणि गळ्यापासून कपाळापर्यंत चढलेली ही आच.

गेल्या वर्षीपासून इस्ट्रोजेन निघालंय.
आपल्यात जाते म्हणत नाहीत,
तेही रोज रात्री तीनला 'येते' म्हणतं
आणि दारात तासभर रेंगाळतं.
तेव्हापासून सकाळी बोटं आखडतात.
डॉक्टरीण म्हणाली, राखणदारच घरच्यांवर भुंकतोय,
पूर्वी कुणीतरी त्याला दटावत होतं बहुतेक.
बहुतेक, असंच म्हणाली.
औषध मात्र नक्की लिहून दिलं.

वडगावात शरयू सोसायटी, दुसरा मजला.
टिपणीस सर, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
तीस वर्षं काडतुसं तपासली.
दार उघडतात तेव्हा अंगावर कालचाच शर्ट.
"हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."
मागच्या वेळी सुई टोचली तिथला डाग अजून हिरवट.
अंगठ्याला पट्टी. "खोबरं खवताना लागलं."
कधी?
"दिवाळीच्या आधी."
मग घाईघाईनं, "साखर नाहीये हं मला."

साखर नाही, ते मला माहीत आहे.
फॉर्मवर कॉर्टिसॉल लिहिलंय.
कॉर्टिसॉल सैन्याला सांगतं, आत्ता पळायचंय,
जखमेचं नंतर बघू.
वाघ मागे लागला तर शहाणपणाचंच.
पण इथं वाघ नाही.
इथं बाई रात्री दोनला उठून
माहेरची वाट विचारते, कडी वाजवते,
आणि सर चार वर्षं चपला घालून झोपतात.
नंतर कधी उजाडतच नाही.

शीर सापडायला वेळ लागला.
माझं बोट जाड, त्यांची कातडी पतंगाच्या कागदासारखी.
सात बेचाळीस. लेबल लावलं.
कापूस दाबून धरा म्हटलं, हात दुमडून.

एवढ्यात कमलिनीबाई दारात.
केस मोकळे, पायात एकच मोजा.
मला पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच
माझ्या अंगातून ती लाट उसळली.
सरळ पुढे येऊन त्यांनी
दोन्ही थंडगार तळवे माझ्या गालांना लावले.
"ताप आहे तुला, यमे. शाळेत जाऊ नकोस."

छातीच्या हाडामागे एक शाळा असते म्हणतात,
आपलं कोण, परकं कोण, हे पेशींना शिकवणारी.
वयात येतानाच तिचा पट घटत जातो,
पन्नाशीपर्यंत वर्गावर्गात चरबी साठते.
पुढं जन्मभर तेव्हाचेच विद्यार्थी कामाला,
धडे आठवतील तसे.

यमी कोण, मी विचारलं नाही.
ते हात मी काढलेही नाहीत.
उतरत गेली आच, हनुवटीपासून खाली.

सरांकडे बघितलं तर
खुर्चीतच झोपले होते, हात दुमडलेला,
कोपरात कापूस तसाच.
डबीतला बर्फ सुटत होता,
फोनवर धायरीच्या आजोबांचे दोन मिस्ड कॉल,
चहाविना ताटकळलेले.

"येते हं," मी म्हटलं, अगदी हळू,
आणि आणखी पाच मिनिटं तिथंच उभी राहिले.